आधी वाट, मग डबा: मुलाबाळांसह डोंगरभटकंती आणि जिओकॅशिंग

जिओकॅशिंगमध्ये कोणीतरी एक जलरोधक डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर देतो, आणि इतरांनी तो शोधून, आतल्या वहीत नाव लिहून, होता तसा परत ठेवायचा असतो. नियम इतकेच असल्यामुळे बहुतेक मंडळी मोबाइल उघडतात, बाण दिसला की मुलांना घेऊन निघतात, आणि दुपारी बारा वाजता एखाद्या कड्याच्या टोकावर उभी राहून डबा बरोबर दोनशे फूट खाली आहे, हे त्यांना कळते. चूक डबा शोधण्यात नसते, कामांच्या क्रमात असते. डोंगराचा बेत पूर्ण झाल्यावर डब्याचा विचार करायचा असतो. आपल्याकडे नेमके उलटे होते. पुढील टप्पे सह्याद्री आणि पुण्याच्या परिसरातील टेकड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत.

१. आधी डोंगर निवडा

गटातील सर्वांत लहान मूल आणि सर्वांत थकणारे मोठे माणूस यांना जो डोंगर झेपेल, तोच सगळ्यांचा डोंगर. पहिल्या खेपेस वेताळ टेकडी किंवा तळजाई यांसारखी शहरालगतची जागा घ्यावी, कारण तिथे वाटा मळलेल्या असतात आणि कंटाळा आला तर अर्ध्या तासात खाली येता येते. सिंहगडाची आतकरवाडीची पायवाट रोजची वर्दळ पाहून सोपी वाटते. प्रत्यक्षात ती जवळपास सहाशे मीटरची सलग चढण आहे आणि सात वर्षांच्या मुलासाठी तो पूर्ण दिवसाचा कार्यक्रम होतो.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच धरावा. पावसाळ्यात धुके, शेवाळलेला कातळ आणि अचानक फुगणारे ओढे असतात, शिवाय नजर सतत मोबाइलवर ठेवण्याचा खेळ त्या वेळी धोकादायक होतो. मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर विजा कडाडतात, म्हणून त्या महिन्यांत उघड्या पठारावरून दुपारी एकच्या आत उतरायला लागावे.

*तपासणी:* जागा वनखात्याच्या, अभयारण्याच्या किंवा पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात आहे का, प्रवेशशुल्क आणि वेळ काय, आणि वाट कोणाच्या शेतातून जाते का, या प्रश्नांची उत्तरे घरून निघण्यापूर्वी मिळवावीत.

२. डब्याचे पान शेवटपासून वाचा

संकेतस्थळावर प्रत्येक डब्याचे एक पान असते. त्यात डब्याला दोन श्रेणी दिलेल्या असतात, एक शोधण्याच्या अवघडपणाची आणि दुसरी जमिनीच्या अवघडपणाची. दोन्ही १ पासून ५ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या अंकाने वाढतात. मुलांसह जाताना शोधाची श्रेणी २ पर्यंत आणि जमिनीची २.५ पर्यंत ठेवावी. जमिनीची श्रेणी ५ म्हणजे दोर किंवा तत्सम साधन लागणारी जागा, त्यामुळे ती यादीतून आधीच काढून टाकावी. डब्याचा आकारही पाहावा. बोटाच्या पेरापेक्षा लहान डबीत फक्त गुंडाळलेला कागद मावतो आणि तिथे मुलांचा विरस होतो. एक लिटरच्या आसपासचा डबा असेल तर आत अदलाबदलीच्या लहानसहान वस्तू असण्याची शक्यता असते.

यानंतर पाहणाऱ्यांच्या नोंदी वाचाव्यात, आणि त्या सर्वांत ताज्या नोंदीपासून मागे वाचाव्यात. आपल्याकडे चार महिन्यांचा पाऊस, वणवा, माकडे आणि गुराखी यांतून टिकलेले डबे मोजकेच असतात, आणि डबा ठेवणारा मालक गाव सोडून गेल्याने पान मात्र तसेच राहते. शेवटच्या तीन-चार नोंदी ‘सापडला नाही’ अशा असतील, तर तो डबा नाही असे समजूनच बेत आखावा. मुलांना ‘खजिना’ सांगून रिकाम्या जागी नेण्यापेक्षा तो डबा सरळ वगळलेला बरा.

गडकिल्ल्यांच्या बाबतीत मी अर्थकॅश (EarthCache) या प्रकाराला प्राधान्य देतो. त्यात डबाच नसतो. दिलेल्या जागी जाऊन खडकाचे निरीक्षण करायचे, प्रश्नांची उत्तरे मालकाला पाठवायची आणि भेट नोंदवायची. दख्खनच्या बेसाल्टचे थर, त्यांतील पोकळ्या आणि स्फटिक पाहण्यासाठी याहून चांगले निमित्त नाही, आणि संरक्षित वास्तूला धक्काही लागत नाही.

३. अंक उतरवताना पद्धत तपासा

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. जिओकॅशिंगमध्ये स्थान अंश आणि दशांश मिनिटे या पद्धतीने लिहितात, म्हणजे सेकंद वेगळे नसतात. सिंहगडाचे अक्षांश उदाहरण म्हणून घेऊ. ते १८ अंश २१ मिनिटे ५७ सेकंद आहेत. दशांश मिनिटांत हेच १८ अंश २१.९५० मिनिटे होते, कारण ५७ भागिले ६० म्हणजे ०.९५. सगळेच दशांश अंशांत लिहायचे तर उत्तर १८.३६५८ येते. आता कोणी १८ अंश २१.९५० मिनिटे हे १८.२१९५० असे नकाशात टाकले, तर तो सिंहगडाच्या दक्षिणेला सुमारे १६ किलोमीटरवर पोहोचतो. नकाशा तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने हीदेखील एक वैध जागा असते.

शेवटच्या अंकाचे मोलही लक्षात ठेवावे. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे अक्षांशात सुमारे १.८५ मीटर. शेवटचे दोन अंक गाळले तर फरक सुमारे १८० मीटरपर्यंत जातो, आणि डोंगरात तेवढ्यात एखादी घळ आडवी येते.

अंक तपासल्यावर पुढील गोष्टी घरच्या वायफायवरच उरकाव्यात. परिसराचा नकाशा मोबाइलमध्ये साठवावा, शक्यतो उंचीच्या समोच्च रेषा दाखवणारा. डब्याचे पान, वर्णन, खूण (डबा कुठे आहे याचा मालकाने दिलेला सूचक इशारा) आणि शेवटच्या नोंदी साठवाव्यात. सशुल्क सदस्यत्व नसल्याने ती सोय मिळत नसेल, तर स्क्रीनशॉट काढावेत. अंक एका कागदावरही लिहून दुसऱ्या मोठ्या माणसाच्या खिशात द्यावेत.

*तपासणी:* घरीच मोबाइल विमान मोडमध्ये टाकून, स्थानसेवा चालू ठेवून, नकाशा आणि डब्याचे पान उघडते का ते पाहावे. उपग्रहांचे संकेत घ्यायला नेटवर्क लागत नाही, नकाशा उतरवायला लागते.

*इशारा:* परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांनी उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी उपकरणे आणू नयेत. उपग्रह फोन आणि तशी संदेशयंत्रे भारतात परवानगीशिवाय बाळगणे बेकायदेशीर आहे आणि विमानतळावर त्यापायी प्रवाशांना अटकही झालेली आहे. फक्त स्थान दाखवणारे साधे जीपीएस यंत्र ही वेगळी गोष्ट आहे.

४. वेळेचा हिशेब परतीपासून मांडा

गिर्यारोहकांमध्ये नेस्मिथचा ठोकताळा प्रचलित आहे: दर ५ किलोमीटर चालीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. ३ किलोमीटर वाट आणि ६०० मीटर चढण असेल, तर ३६ मिनिटे अधिक एक तास, म्हणजे सुमारे १ तास ३५ मिनिटे. हा ठोकताळा न थांबता चालणाऱ्या तयारीच्या माणसासाठी आहे. मुले बरोबर असतील तर दुप्पट धरावे, आणि प्रत्येक डब्यामागे अर्धा तास वेगळा काढावा.

डिसेंबरात पुण्याच्या बाजूला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पायथ्याशी पाच वाजता पोहोचायचे हे पक्के करून मागे मोजत जावे आणि जी वेळ येईल ती परत फिरण्याची वेळ म्हणून सगळ्यांना, मुलांसह, सांगून ठेवावी. डबा दहा मीटरवर असला तरी ती वेळ झाली की फिरायचे. ही वेळ पायथ्याशी ठरवली तर पाळली जाते. डब्याजवळ उभे राहून ठरवायला गेले तर ‘अजून पाचच मिनिटे’ हा आग्रह लहानांपेक्षा मोठ्यांचाच जास्त असतो.

घरी राहणाऱ्या एका व्यक्तीला डोंगराचे नाव, चढायची वाट, गाडी लावायची जागा आणि परतीची वेळ संदेशाने कळवावी.

५. पिशवी

मोठ्यांना प्रत्येकी ३ लिटर आणि मुलांना दीड लिटर पाणी, जलसंजीवनीची पाकिटे, दशम्या, चिक्की, खजूर. टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पूर्ण लांबीची विजार, घोट्यापर्यंतचे जाड तळव्याचे बूट. पॉवर बँक आणि तिची वायर. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी. संकटात मिनिटाला सहा वेळा वाजवायची, हे घरीच शिकवून ठेवावे.

डब्यासाठी वेगळे सामान लागते आणि तेच नेमके विसरले जाते: दोन पेने, छोटा चिमटा, टॉर्च, जाड हातमोजे, हातभर लांबीची काठी, कोरडा फडका आणि दोन-तीन झिपची पाकिटे. चिमटा क्षुल्लक वाटतो, पण लहान डबीतली ओलसर कागदाची गुंडाळी बोटांनी ओढली की फाटते. अदलाबदलीसाठी गोट्या, बिल्ले, छोटी गाडी अशा वस्तू घ्याव्यात. खाऊ, काडेपेटी, औषधे आणि धारदार वस्तू डब्यात कधीही ठेवू नयेत. खाऊचा वास लागला की माकडे आणि उंदीर डबा फोडतात.

६. चढताना बाण मिटून ठेवा

ॲपमधला बाण आणि त्याखालचे अंतर हे पक्षी उडतो तसे सरळ रेषेतले असते. सह्याद्री पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जातो. दोन पठारांच्या मध्ये उभा कडा असतो आणि वाट एखाद्या सोंडेवरून (डोंगराच्या उतरत्या धारेवरून) किंवा नाळेतून (अरुंद घळीतून) वळसा घेऊन जाते. त्यामुळे ‘डबा १८० मीटर’ असे दिसत असताना वाट त्याच्यापासून दूर जाऊ लागते, अंतर वाढू लागते, आणि अधीर माणूस वाट सोडून गवतातून सरळ वर चढू लागतो. उन्हाळलेल्या गवताखाली घसारा, म्हणजे सुटी, घसरणारी माती आणि दगड, असतो आणि चढताना न जाणवलेला उतार उतरताना अंगावर येतो.

म्हणून मळलेल्या वाटेने वरपर्यंत जावे आणि डब्याचे अंतर वाटेवरून जिथे सर्वांत कमी होते ती जागा गाठावी. नकाशात वाट आणि डबा यांच्यामध्ये समोच्च रेषा एकमेकींना चिकटलेल्या असतील, तर तिथे कडा आहे असे समजून डब्याकडे दुसऱ्या बाजूने वाट येते का ते पाहावे. ढोरवाटांचा मोह टाळावा. त्या मळलेल्या दिसतात, पण गुरे चरतात तिथे फुटून विरून जातात. शंका आली की वाटेत भेटलेल्या माणसाला विचारावे. ‘मामा, वरच्या टाक्याकडं वाट हीच का?’ एवढ्या प्रश्नाने काम होते. काय शोधतो आहोत हेही मोकळेपणाने सांगावे, कारण शहरातली माणसे झुडपांत काहीतरी हुडकताना दिसली की गावात शंका येते आणि ती रास्त असते.

सर्वांत पुढे एक आणि सर्वांत मागे एक जाणता माणूस असावा, आणि मुले या दोघांच्या मधेच राहावीत. मुलांना मोबाइल आळीपाळीने द्यावा, तोही थांब्यावर. चालता चालता पडद्यावर नजर ठेवायची नाही, हा नियम मोठ्यांनाही लागू.

*इशारा:* कड्यांना आणि दरवाजांच्या कमानींना आग्या मोहोळे असतात. तीव्र अत्तर लावून जाऊ नये, धूर करू नये, मोठ्याने ओरडू नये. माश्या उठल्याच, तर डोके व चेहरा कपड्याने झाकून त्या जागेपासून शक्य तितक्या लवकर दूर जावे. कड्याच्या दिशेने मात्र पळू नये.

७. शेवटचे वीस मीटर

डब्यापासून साधारण वीस मीटरवर सगळ्यांनी थांबावे, पिशव्या उतरवाव्यात, पाणी प्यावे. मोबाइलला उघड्यावर तीन ते पाच मीटरपर्यंत अचूक स्थान मिळते, पण कड्याच्या कुशीत किंवा दाट झाडीत उपग्रहांचे संकेत खडकावरून परतून येतात आणि चूक पंधरा-वीस मीटरवर जाते. शिवाय माणूस उभा राहिला की ॲपला त्याची दिशा कळत नाही, ती मोबाइलमधल्या होकायंत्रावर अवलंबून असते, आणि पाकिटासारख्या कव्हरमध्ये लोहचुंबक असेल तर बाण भलतीकडेच वळतो. कव्हर काढावे, मोबाइल हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवावा, मग पाहावे. तरीही बाण नाचत असेल, तर वीस मीटर बाजूला जाऊन वेगळ्या दिशेने सावकाश चालत यावे; दोन्ही दिशांच्या रेषा जिथे छेदतात, तिथे शोधाचे केंद्र धरावे.

यानंतर मोबाइल खिशात ठेवावा. केंद्राभोवती दहा मीटरचे वर्तुळ कल्पून प्रत्येकाला एकेक तुकडा वाटून द्यावा. कड्याच्या बाजूचा तुकडा मोठ्या माणसाचाच, आणि एका मोठ्याने काहीही न शोधता फक्त मुलांवर लक्ष ठेवावे. मुलांना ‘डबा शोधा’ असे न सांगता ‘निसर्गाने केलेली नाही अशी रचना शोधा’ असे सांगावे: एकमेकांना समांतर ठेवलेल्या तीन काटक्या, आजूबाजूला कोरडे असताना एकाच बाजूला ओल दिसणारा दगड, झाडाच्या ढोलीत नेमका बसवलेला सपाट तुकडा. लहान मुलांची नजर इथे मोठ्यांपेक्षा तेज ठरते.

आता सर्वांत महत्त्वाचे. दिसत नाही अशा कोणत्याही फटीत, ढोलीत किंवा दगडाखाली हात घालायचा नाही. कातळपठारावर फुरसे दगडाखालीच असते. जेमतेम हात-दीड हात लांबीचा मातकट साप, वेटोळे करून खवले एकमेकांवर घासतो आणि करवतीसारखी खरखर ऐकू येते. ती नेहमीच ऐकू येईल असे नाही. आधी काठीने ठोकावे, मग टॉर्चने आत पाहावे, मग दगड आपल्या विरुद्ध बाजूने उचलावा, म्हणजे पलीकडची कड वर येईल आणि आत काही असेल तर ते आपल्यापासून दूर निघून जाईल. हे काम हातमोजे घातलेल्या मोठ्या माणसाचे. मुलांनी फक्त बोट दाखवायचे.

हिवाळ्यात झुडपांवर चढलेल्या खाजकुयलीच्या सोनेरी-तपकिरी, मखमली दिसणाऱ्या शेंगांना हात लागू देऊ नये. कुसळे अंगाला लागलीच तर न चोळता चिकटपट्टी लावून उपटावीत आणि मग धुवावे.

*सर्पदंश झाल्यास:* माणसाला चालवू नये, अंगठी-कडे काढावे, अवयवाला आधार बांधून स्थिर ठेवावा, दंशाची वेळ लिहावी, १०८ किंवा ११२ ला फोन करून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. घट्ट आवळून बांधणे, चिरा देणे, विष चोखणे यांपैकी काहीही करू नये.

वीस मिनिटांत डबा मिळाला नाही, तर पानावरची खूण उघडावी. आणखी दहा मिनिटांनी थांबावे. गडावर असाल तर तटबंदीचा किंवा जोत्याचा रचलेला दगड कोणत्याही कारणाने हलवू नये. खूण तिथेच नेते आहे असे वाटले तरी शोध तिथेच संपला.

८. डबा उघडल्यावर

उघडण्यापूर्वी तो कसा ठेवला होता याचा एक फोटो काढावा. वहीत तारीख आणि गटाचे नाव लिहावे. वहीत नाव लिहिल्याशिवाय डबा सापडला असे धरत नाहीत, त्यामुळे पेन विसरल्याने गेलेला डबा हा गेलेलाच. वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा अधिक मोलाची ठेवावी. क्रमांक कोरलेली पट्टी असलेली वस्तू मात्र अदलाबदलीची नसते. ती प्रवासी वस्तू असते, घेतली तर पुढच्या डब्यात ठेवून तशी नोंद करावी लागते.

वही भिजली असेल तर फडक्याने टिपून नव्या झिपच्या पाकिटात घालावी. झाकणाच्या रबरी कडेत वाळूचा कण किंवा पाकिटाचा कोपरा अडकला तर पहिल्या पावसात आत पाणी जाते, म्हणून झाकण लावल्यावर कडेवरून बोट फिरवावे. मग फोटो पाहून डबा होता तिथेच, होता तसाच ठेवावा. ‘यापेक्षा चांगली जागा’ शोधून तिथे ठेवण्याची हौस पुढच्या माणसाचा दिवस वाया घालवते. डबा मिळालाच नाही म्हणून स्वतःचा दुसरा डबा टाकून ‘सापडला’ असे नोंदवणे हीदेखील तशीच खोड आहे.

९. उतरणे आणि नोंद

उतरताना पुन्हा त्याच वाटेने यावे, नवी वाट धुंडाळू नये. घसरून पडण्याचे प्रकार थकलेल्या पायांमुळे उतरतानाच जास्त होतात. नोंद घरी येऊन त्याच संध्याकाळी करावी. सापडला नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. किती वेळ आणि कोणत्या भागात शोधले हे लिहिले तर मालकाला त्याचा उपयोग होतो. डब्याच्या जागेचे फोटो टाकू नयेत, आणि मुलांचे चेहरे दिसणारे फोटो टाकण्यापूर्वी त्यांच्या आई-वडिलांना विचारावे.

१०. स्वतःचा डबा ठेवायचा असल्यास

दहा-वीस डबे शोधून झाल्याखेरीज या फंदात पडू नये. निरनिराळे डबे आणि त्यांचे प्रत्यक्ष टप्पे (डब्यापर्यंत नेणाऱ्या, वाटेत ठेवलेल्या वस्तू) यांच्यामध्ये किमान १६१ मीटर अंतर लागते, जागेच्या मालकाची किंवा व्यवस्थापनाची परवानगी लागते, आणि त्यांच्या स्पष्ट परवानगीशिवाय जमीन खणता येत नाही. संरक्षित किल्ले, देवराया, धरणे, पूल, रेल्वे आणि लष्करी हद्दीचा परिसर पूर्णपणे वगळावा. देवराईतून वाळकी काडीही न उचलण्याची गावाची रीत असते. तिथे प्लास्टिकचा डबा ठेवणे हा सरळ उपमर्द आहे. डबा पारदर्शक घ्यावा आणि त्यावर हा खेळाचा भाग असल्याचे मराठीत ठळक लिहावे, म्हणजे कोणाला सापडला तर पोलिसांना बोलावण्याची वेळ येणार नाही.

खूण लिहिताना एक बारकावा आहे. संकेतस्थळ खूण लपवते ती रोमन अक्षरांची अदलाबदल करून. देवनागरीत लिहिलेली खूण तिथे उघडीच दिसते. खूण रोमन लिपीत आणि वर्णन मराठीत, ही विभागणी सोयीची पडते.

पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा डबा स्वतः जाऊन पाहावा. तेवढे जमणार नसेल, तर पान बंद करावे आणि डबा डोंगरावरून काढून घरी आणावा.